बाळंतिणीचा कोंडा म्हशीच्या दावणीला

संगीतावर आणि तिच्या आईवर, हौसामावशीवर, अन्याय झाला तो गेल्या पौषातल्या शेवटच्या बुधवारी, सकाळी सव्वाअकरा ते पावणेबारा या अर्ध्या तासात. जागा : शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवरची भाताची गिरणी. बाळंतिणीसाठी म्हणून कणगीच्या तळाशी राखून ठेवलेला चार पायल्या लाल तांदूळ त्या अर्ध्या तासात पांढराशुभ्र होऊन बाहेर पडला. कुणी चोरला नाही, कुणी भेसळ केली नाही. उपकार म्हणून केलं, वर जादा पैसेही घेतले नाहीत. म्हणूनच मला ते चोरीपेक्षा वाईट वाटतं. चोराला निदान आपण चोरी करतोय हे ठाऊक असतं.

वाडीचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, त्या वाडीचं असेल, आमच्याकडं असं नाही. तुमच्याकडंही असंच आहे.

संगीता माझी मैत्रीण. कोल्हापुरात तीन वर्षं आम्ही कॉलेजात एका बाकावर बसलो. तिला गारगोटीला दिली आणि पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात ती माहेरी आली. तिचा फोन आला तेव्हा मी बिंदू चौकात उन्हात उभी राहून पत्रकं वाटत होते. पत्रक मीच लिहिलेलं : ‘तुमच्या ताटातलं सत्त्व कुणी नेलं?’

“तुझं ते पॉम्प्लेट वाचलं की,” संगीता म्हणाली. “हितं दवाखान्यात चिकटवलंय कुणीतरी. लई तावातावानं लिवलीयस. आता खरंच काय करणार असलीस तर ये. आईनं आठ दिस झालं तोंड उघडल्यालं न्हाय.”

“का? काय झालं?”

“तांदूळ पांढरा झाला.”

मी हसले. हसायला नको होतं.

कसबा बावडा, सोमवार

वाडीवर दिवसातून एकच एसटी जाते आणि तीही मनात आलं तर. म्हणून बावड्याला सर्जेराव काकांकडं त्यांची मोटरसायकल मागायला गेले. काका वडिलांचे चुलतभाऊ. एका बाजूला कारखान्याची चिमणी, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, आणि मधे काकांचा ऊस. उसाच्या कडेनं अर्धा एकर पालेभाजी.

पालक बघून मी थांबलेच. एकेक पान तळहाताच्या दीडपट.

“किती दिवसांचा?”

“पंचवीस. युरिया मारला की असा उठतो. पाणी पिऊन फुगलंय ते, आन् काय.” काका स्वतःच म्हणाले. मला पत्रक काढायची संधीच दिली नाही.

मग त्यांनी घरातून माती तपासणीचा कागद आणला. जस्त कमी. लोह कमी. सेंद्रिय कर्बापुढचा आकडा बघून काकाच म्हणाले, “त्याचं तर नावच काढू नकोस.” तीस वर्षं त्याच रानात ऊस, त्याच त्या पिशव्या, शेणखताची गाडी सणासुदीला.

“मग काय केलं?”

“काय करणार? जस्ताची पिशवी टाकली. ऊस हिरवागार झाला.”

“आणि पालकात जस्त उतरलं का?”

“ते कोण बघतंय? व्यापारी पानाची लांबी बघतो. तुझ्या पॉम्प्लेटात लिव की, व्यापाऱ्याकडं जस्त मोजायचा काटा न्हाय म्हणून.”

मी लिहून घेतलं. माझ्या चार पानांत मी जे सांगू शकले नव्हते ते काकांनी एका वाक्यात सांगितलं. नवं बियाणं निवडताना, खत टाकताना, बाजारात माल उतरवताना आपण वजन मोजतो, लांबी मोजतो, रंग बघतो. ज्याच्यासाठी खायचं ते कुणीच मोजत नाही. दाणा वाढला, पान वाढलं, आणि त्या वाढलेल्या अंगात लोह-जस्त तेवढ्याला तेवढंच राहिलं, तर घासाघासात ते पातळ होणार. दुधात पाणी घातल्यासारखं. गवळ्यानं घातलं तर आपण त्याची कॉलर धरतो.

विहिरीच्या कडेला दोन वाफे वेगळे होते. शेणखताचे. पानं लहान, जाड, काळपट हिरवी, मधे मधे किड्यांनी खाल्लेली.

“हे कुणाचं?”

“ते घरापुरतं. तुझ्या काकूला तिकडचं चालत न्हाय.”

निघताना काकूनं पिशवीत पालक भरून दिला. मोठ्या पानांचा. मी म्हटलं, काकू, मला विहिरीजवळचा दे. काकूचा चेहरा पडला. “ते भोकं पडल्यालं काय द्यायचं पोरी? लोक काय म्हणतील?” कुठले लोक, हे तिनं सांगितलं नाही. मी हट्टानं भोकं पडलेलाच घेतला. काकूला ते आवडलं नाही.

वाडीवर, मंगळवार

रस्त्याचं काही सांगत नाही, तो होता एवढंच. शेवटच्या फाट्याला मी चुकीच्या बाजूला वळले आणि एका गोठ्यात जाऊन थांबले. गोठ्यातल्या माणसानं विचारलं, “पावणं, कुणाकडं?”

“हौसामावशींकडं.”

“हितं तीन हौसा हायत. जिची पोरगी पोटुशी हाय ती व्हय? मग मागं फिरा आन् गिरणीवरनं वर जावा. आन् त्या तांदळाचं काय ते मिटवा बगा. बापू गिरणीवाला रोज विचारतोय, म्हातारी बोलली का म्हणून.”

म्हणजे गावभर झालं होतं.

भात निघून दोन महिने झालेले. डोंगराच्या पायऱ्यांसारखी रानं खाली उतरत गेलेली, त्यात भाताचे सुकलेले खुंट, कुठं मसूर, कुठं हरभरा. वारं इतकं गार की नाकातून पाणी. हौसामावशी म्हातारी मुळीच नाही, पन्नाशीची असेल. मला बघून तिनं पहिल्यांदा पाट मांडला, मग ताट. गव्हाची चपाती, वरण, वर तुपाची धार, आणि मधे पांढऱ्या भाताची मूद.

“हेच की ते,” संगीता म्हणाली.

तोच तो तांदूळ. घरातलं कुणी त्याला हात लावत नव्हतं. पण पावण्याच्या ताटात तो शोभत होता. मी खाल्ला. चव वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं. त्याला चवच नव्हती.

इतके दिवस गप्प असलेली मावशी मग बोलायला लागली, ती थांबेचना. (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) “माझ्या सासूनं माझ्या दोन्ही बाळंतपणात सव्वा महिना ह्याच तांदळाची पेज घातली. तिच्या सासूनं तिला. मी हिच्यासाठी ठेवलो. चार टुकडं रान हाय आमचं. तीन टुकड्यात पोरगा नवं बी करतो, दुप्पट उतारा देतं, मी न्हाय म्हणत न्हाय. वरचा एक टुकडा माझा. त्यात लाल. छातीएवढं वाढतं ते. युरिया टाकलास की लोळतंय बग. म्हणून शेणखतावर जेवढं यील तेवढं. तेवढं बी बापूनं धुऊन काढलं.”

धुऊन काढलं हाच शब्द बरोबर आहे. लाल तांदळाचा लाल रंग कुठं असतो, ठाऊक आहे? दाण्याच्या आत नसतो. वरच्या पातळ कोंड्यात असतो. भाताचं टरफल काढलं की तो कोंडा दाण्याला चिकटून राहतो, आणि तांदळातलं लोह, जस्त, जीवनसत्त्वं जास्त करून त्याच थरात आणि दाण्याच्या कोंबात असतात. पॉलिश मारलं की दोन्ही गेलं. राहिला तो मऊ, पांढरा, दिसायला देखणा पिठूळ गाभा.

“रक्त कमी हाय म्हणून नर्सबाईनं गोळ्या दिल्यात,” संगीता म्हणाली. “खातोय की मी. पर गोळ्यांनी तोंड कडू झालंय, जेवणच जात न्हाय. लाल पेज तेवढी जाती. लहानपणापासनं आजारी पडलं की तीच प्यालोय.”

मी स्पष्ट सांगते, लाल तांदूळ म्हणजे औषध नव्हे. गोळ्या सोडा असं मी कुणाला म्हटलेलं नाही आणि कुणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. पण जिच्या घशाखाली दिवसातून एकच गोष्ट उतरते, तिच्या त्या एका गोष्टीतलं सत्त्व काढून घेणं याला मी दुसरा कुठला शब्द वापरू?

“अजून लाल आहे का घरात?”

मावशीनं वर टांगलेल्या गाडग्याकडं बोट केलं. “बियाणाचं. ते खाल्लं तर जूनला काय पेरू? आन् पेरलं तर हिला काय घालू?”

एवढाच प्रश्न होता. तेवढ्यासाठी मी चार दिवस राहिले.

वाडीवर, बुधवार

माझा बेत सोपा होता. वाडीत चाळीसेक घरं. कुणाकडंतरी लाल भात असणार. मागायचं, गिरणीवर उभं राहून आपल्या डोळ्यांसमोर नुसतं टरफल काढून घ्यायचं.

पहिल्या घरी चहा झाला. “लाल? छ्या! आता कोण खातंय ताई? आमी पांढराच खातो.” दुसऱ्या घरी चहा. “आमच्यात न्हाय बगा, खालच्या आळीला इचारा.” खालच्या आळीनं वरच्या आळीला पाठवलं. सात घरं, सात चहा, एका घरी शिरा. सगळीकडं मी माझं पत्रक दिलं, सगळ्यांनी आदरानं घेतलं, आणि एका घरी माझ्यासमोरच त्याच्यावर शेंगा सोलल्या.

परत आले तर संगीता उंबऱ्यावर बसून हसत होती.

“काय मिळालं?”

“पित्त.”

“अगं शहाणे, तू शहरातनं आल्याली, मोटरसायकलवरनं. पावणं म्हणून ओसरीवर बसून विचारतीस, तुमी लाल खाता काय. व्हय म्हणून कोण सांगंल? लाल म्हंजे गरिबाचं, लाल म्हंजे डोंगरातलं. सोयरीक बघायला माणसं आली की आमच्यात आधी तांदूळ उसना आणत्यात, पांढरा.”

ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. माझ्या बावड्याच्या काकूनं दोनच दिवसांपूर्वी मला ती दाखवली होती. मी भोकं पडलेला पालक जिंकून आणल्याच्या ऐटीत होते, म्हणून दिसली नाही.

दुपारी पांडूआप्पांच्या घरी गेले, वाडीच्या टोकाला. आप्पा पंचाहत्तरीचे, ताठ. मी काही विचारायच्या आधीच ताट आलं. पांढरा भात. आप्पांनी माझं पत्रक आधीच वाचलं होतं, शब्द न् शब्द.

“तू लिवलीयस, नव्या बियाण्यानं सत्त्व घालवलं.”

“हो.”

“तुझ्या ह्या कागदात भूक कुठं हाय? मला एक ओळ दाव. मी धा वर्साचा असताना आषाढात आमच्यात भात शिजत नव्हता. कंदमुळं उकडायचो. नवं बी आलं, युरिया आला, तवा पयल्यांदा पावसाळ्यात पोटभर जेवलो. तवा तू कुठं गेलतीस सत्त्व मोजायला?”

त्याचं उत्तर मी आता लिहिते. आप्पा, तुमचं खरं आहे, आणि ती ओळ माझ्या पत्रकात नाही ही माझी चूक आहे. पुढच्या छपाईत ती सगळ्यात वर असेल. पण पोट भरल्याला इतकी वर्षं झाली. ज्यांनी पोट भरून दिलं त्यांना, आता त्या पोटात काय घालताय, हे विचारायचंच नाही का? भूक होती तेव्हा दाण्यांचं वजन मोजलं, बरोबर केलं. अजून फक्त वजनच मोजताय, हे चूक आहे. सत्त्वाची भूक ही आमच्या पिढीची आहे आप्पा, ती पोटात दिसत नाही, दवाखान्यातल्या कागदावर दिसते.

त्या वेळी मात्र मी हात धुवायला मागच्या दारी गेले. आणि तिथं चुलीशेजारी आप्पांची बायको, आक्का, जेवत होती. परातीत नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी, लसणाचा खर्डा. आणि जर्मनच्या भांड्यात लाल भात. वाफाळलेला, विटकरी, दाणा न् दाणा सुटा.

मी विचार केला नाही. पुढं जाऊन माझं ताट आणलं, आक्काच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हटलं, “मला ह्यातलं वाढा.”

“अगं बया! उठ आधी! हितं बसत्यात व्हय पावणं?”

“हितंच बसणार.”

आक्कानं ओसरीकडं बघून ओरडा केला, “आवं, बगा की हिला! माझ्या भांड्यात हात घालाय लागलीया!”

आप्पा दारात आले. क्षणभर वाटलं, हाकलतील. त्यांनी भांड्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. “वाढ,” एवढंच म्हणाले आणि तिथंच टेकले.

त्या भाताला वास होता. पावसात भिजलेल्या पेंढ्यासारखा, किंचित गोड. चावावा लागत होता, नुसता गिळून चालत नव्हतं. दोन घासांनंतर मी खर्डा विसरले. आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि तिला हसू आवरेना.

“संगीतासाठी पाहिजे,” मी सांगितलं.

आक्काचं हसू गेलं. “मग सकाळी घरोघरी फिरताना पोटुशीसाठी म्हणून मागायचं न्हाईस? तू तर इलेक्शनवाल्यागत बोलत सुटली हुतीस. बाळंतिणीसाठी मागितल्यावर न्हाय म्हणायचं न्हाय, अशी रीत हाय आमच्यात.”

तीन पायल्या भात, टरफलासकट, तिनं पोत्यात बांधून दिलं. मोटरसायकलच्या टाकीवर पोतं ठेवून मी निघाले. भाताचं कुसळ गळ्यातून आत गेलं आणि रात्रभर अंग खाजवत बसले. पण आनंद होता. फार लवकर झाला होता.

गिरणीवर, गुरुवार

बापू गिरणीवाला म्हणजे माझ्या डोक्यात एक राक्षस तयार होता. प्रत्यक्षात अंगावर पांढरी धूळ, कानात कापूस, हसरा माणूस. गिरणीला लागून गोठा, गोठ्यात चार म्हशी. त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर घसरावा अशा तुकतुकीत.

“काय खायला घालता यांना?”

“कोंडा! भाताचा कोंडा म्हंजे म्हशीला अमृत, ताई. दूध बगा कसं देती.”

मी त्यांना मोठ्या आवाजात विचारलं, मग बाळंतिणीला काय ठेवलंत? गिरणी बंद होती तरी मी ओरडतच होते. भात दळून घ्यायला आलेल्या तीन बायका गोणपाटावर बसून बघत होत्या.

बापू चिडले नाहीत. ते दुखावले, आणि मला ते जास्त अवघड गेलं.

“ताई, अख्खं भात बघून मला कसं कळायचं लाल हाय का पांढरं? टरफल सगळ्याचं सारखंच पिवळं. एक हात फिरवला, नुसतं टरफल निघालं, बघतो तर लाल. म्हटलं, हौसाकडं पोरगी आलीय बाळंतपणाला, सासरचं पावणं येणार बघायला, लाल कसं वाढंल ती? आणखी तीन हात पॉलिश मारलो. लाईट माझी जळाली. कोंडा ठेवून घेतलो, ती गिरणीची रीतच हाय. हौसानं मला श्या दिल्या असत्या तर चाललं असतं. बोलतच न्हाय.”

“मग आता हे भात नुसतं एक हात फिरवून द्या. पॉलिश न मारता. आणि कोंडा आमचा.”

“न्हाय जमायचं.”

“का?”

बापूंनी मशीनच्या पोटात हात घालून दाखवलं. आत कोपऱ्याकोपऱ्यात दाणे अडकतात. लाल फिरवलं की पुढच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या तांदळात चार लाल दाणे जातात. “मग ही बाई,” त्यांनी गोणपाटावरच्या एकीकडं बोट केलं, “पोतं परत आणून माझ्या डोक्यात घालती. माझ्या तांदळात काय मिसळलंस म्हणती. व्हय का न्हाय गं?”

ती बाई पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघायला लागली.

मी तिथंच भांडत बसले असते. अर्धा तास भांडलेही. शेवटी बापू म्हणाले, “शनिवारी दुपारनंतर मी मशीन खोलून साफ करतो. त्याच्या आधी शेवटचं म्हणून लाल लावतो. पर एकट्या तीन पायल्यासाठी मशीन लावलं तर लाईटचं पैसं बी निघत न्हायत. निदान चार घरचं आणा. आन् ज्याचं त्यानं स्वतः आणायचं, सगळ्यांम्होरं. मागनं बापूनं लाल मिसळलं म्हणून बोंब नको. चार घरं झाली तर लावतो. न्हाय झाली तर पावणं तुमी, चहा घ्या आन् जावा.”

गिरणीवर, शनिवार

दुपारी दोनला हौसामावशी आली. डोक्यावर बियाणाचं गाडगं; आक्कानं दिलेलं पोतं मी आधीच गिरणीवर आणलं होतं. मी म्हटलं, मावशी, हे का? ती म्हणाली, “दुसरं काय हाय माझ्याकडं? चार घरात एक घर माझं असाय नको?” मला ते बघवेना. संगीता सोबत होती, एक हात कमरेवर. मग आक्का आली, तिनं घरचं आणखी एक पोतं आप्पांच्या डोक्यावर दिलं होतं. दोन घरं.

तीन वाजले. नळावर बायका भांडी घासत होत्या, गिरणीकडं बघत होत्या, येत नव्हत्या. मी दगडावर उभी राहिले आणि बोलायला तोंड उघडलं.

“गप बस खाली,” आक्का म्हणाली. “तुझं भाषाण ऐकून कोण यायचं न्हाय.” आणि नळाकडं वळून तिनं आवाज टाकला, “ए शेवंता! तुझ्या कणगीत लाल हाय का न्हाय? दिवाळीत माझ्याकडनं नेलंस ते काय एका बैठकीत गिळलंस व्हय?”

शेवंता म्हणजे गोणपाटावर बसून दुसरीकडं बघणारी तीच बाई. ती उठली, भांडी तशीच टाकून वर गेली. येते की नाही कळेना. दहा मिनिटांनी आली, डोक्यावर बुट्टी, चेहरा लालबुंद. “हाय थोडं,” म्हणाली. “सासूबाईस्नी लागतं.”

“सासूबाईस्नी!” आक्का म्हणाली. “त्यास्नी दात कुठं हायत?”

नळावर हशा झाला. तीन घरं.

चौथं येईना. बापूंनी पाना हातात घेतला. म्हणाले, “ताई, साडेतीन झालं. मी खोलतो आता.” हौसामावशीनं गाडगं उचलून डोक्यावर घेतलं.

तेवढ्यात गिरणीच्या मागच्या दारातनं बापूंची बायको बाहेर आली. चार दिवसांत मी तिचा आवाजही ऐकला नव्हता. तिच्या कडेवर बुट्टी होती. ती बापूंच्या समोर ठेवली आणि म्हणाली, “हे चौथं.”

“ह्ये काय?”

“लाल भात. माझ्या म्हायेरचं.”

“आपल्यात? कवाधरनं?”

“लगीन झाल्यापासनं. तुमास्नी पांढरा वाढतो, मी लाल खातो.”

“दळतीस कुठं?”

“उखळात कांडतो. गिरणी चालू असली की उखळाचा आवाज कुणाला येतोय?”

बापूंच्या हातातला पाना तसाच राहिला. नळावर कुणी हसलं नाही. हौसामावशी इतक्या दिवसांत पहिल्यांदा बापूंशी बोलली. “बापू, मशीन लाव,” म्हणाली. “आन् बोटं सांभाळ, ध्यान दुसरीकडं हाय तुझं.”

मावशीचं गाडगं बापूंच्या बायकोनंच बाजूला काढलं. “घरं चार झाली. तुमच्या घरचं म्हणून आक्कानं दिल्यालं पोतं हाय की, बी कशाला दळताय? माझ्यातलं दोन पायल्या संगीताला घ्या.” बाळंतिणीचं आहे म्हटल्यावर तिनंही दुसरं काही ऐकून घेतलं नाही.

बापूंनी एकच हात फिरवला आणि मशीन बंद केलं. तूस उडालं, आणि खाली टोपलीत विटकरी दाणे पडले. पॉलिशच्या बाजूचं तोंड कोरडंच राहिलं. म्हशींना त्या शनिवारी सुका कडबा.

पुढं काय झालं तेही सांगते. संगीताचं रक्त महिन्यानं पुन्हा तपासलं, थोडं वर सरकलंय. नर्सबाई म्हणतात गोळ्यांमुळं, मावशी म्हणते पेजेमुळं. मी यात पडणार नाही. ती दोन वेळा जेवते, एवढं मी डोळ्यांनी बघून आले. मावशीचं बियाणं गाडग्यात आहे. तिच्या पोरानं जूनसाठी आणखी एक टुकडा लालला देऊ का, असं विचारलंय. बापू महिन्यातून एका शनिवारी लाल लावायला तयार आहेत. चार घरं आली तर. पुढच्या वेळी तीनच आली तर गिरणी सुरू होणार नाही, आणि संगीताचं बाळंतपण त्याच महिन्यात आहे.

आता तुमच्याकडं वळते.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय करणार, बाजारात मिळतं ते खातो. खोटं. बाजारात पांढरा मिळतो कारण तुम्ही पांढरा मागता. बियाणं तयार करणारा उतारा बघतो, शेतकरी वजन बघतो, गिरणीवाला चकाकी बघतो, व्यापारी लांबी बघतो, कारण ह्या रांगेच्या शेवटी तुम्ही उभे आहात आणि तुम्ही रंग बघता. बापूंनी तीन हात जादा मारले ते तुमच्या भीतीनं. ते पावणं तुम्ही.

म्हणून येत्या आठवड्यात दोन कामं करा. जिथून तांदूळ घेता त्या दुकानात किंवा गिरणीवर जा, गर्दीच्या वेळी जा, आणि चार माणसं ऐकतील अशा आवाजात विना पॉलिशचा तांदूळ मागा. नाही म्हणाले तर का नाही ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका. आणि पुढच्या वेळी कुणाच्या घरी पावणं म्हणून गेलात, तर ताट उचला, स्वयंपाकघरात जा, तिथली बाई काय खातेय ते बघा, आणि तेच मागून घ्या.